मऊ माती

आमच्या गावाचं इंटरनेट सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला पॅच लावायचा होता. गेल्या ऑगस्टात तो फसला, तेव्हा भुकेल्या पाचामामेला, म्हणजे आमच्या धरणीमातेला, ऑगस्टातला घास पुरून दिला नाही म्हणून ती कोपली, असं मीच गावभर सांगत फिरलो होतो.

यंदा इंटरनेटच्या खोलीत बसलेली इंजिनियर रोक्साना म्हणाली, "आजोबा, माझी तयारी झाली. काल नवी केबल पुरून दवाखाना तिच्यावर घेतलाय. पॅच फसला तरी डॉक्टरांचं अडणार नाही. आता तुमचं काय ते उरका."

"शिकलेल्यांनाही शेवटी मातीच आठवते," असा टोमणा मारून मी पहार घेऊन अंगणात गेलो.

ऑगस्ट म्हणजे आमच्या डोंगरात ऐन हिवाळा; थंडीनं जमिनीचा दगड झाला होता. भिंतीलगतच्या एका पट्ट्यात मात्र पहार लोण्यात शिरावी तशी शिरली. आईनंच माझ्यासाठी तोंड उघडलं, या आनंदात मी आणखी दोन घाव घातले, कोकाची पानं ठेवली, वर बिअर ओतली आणि टोपी काढून डोळे मिटले.



आतून रोक्सानाचा आवाज आला, "आजोबा, मी अजून पॅचला हातही लावला नाही, मग दवाखान्याची लाइन कशी गेली?"