साबणाचं पाणी

लातूरला रेल्वेनं पाणी यायचं तो उन्हाळा. दुरुस्तीला आलेल्या एका कारमध्ये पेट्रोलचा वास येत होता. वाफ कुठून निसटते ते शोधायला नळ्यांवर साबणाचं पाणी ओतायचं म्हणून मेकॅनिक नरसिंगनं शेजारच्या भामाबाईंकडं पाणी मागितलं. टँकरच्या रांगेत सकाळ घालवून आणलेल्या घागरीतलं त्यांनी तांब्याभर दिलं, मग आणखी एक तांब्या. पण एकाही नळीवर बुडबुडा आला नाही. शेवटी त्यानं पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं. झाकणाचं रबर फाटलेलं होतं. हे त्यानं सगळ्यात आधी बघायला हवं होतं.

"घावलं का रं बाबा?" भामाबाईंनी विचारलं.

"हाव मावशी. तुमच्या पाण्यामुळंच घावलं."

भामाबाईंना बरं वाटलं. त्यांनी तिसरा तांब्या भरून आणला. "घे, पी. लई उन्हात राबायलास."

नरसिंगला मान वर करवेना.