शेवटचा थर

वहिनीनं मुखवट्याची काच डोळ्यांवर ओढली, वेल्डिंगचा टॉर्च उचलला आणि हाताखालच्या नणंदेला आपली चूक उमगली. आत्ताच तिनं घाण करून ठेवली होती. बोटभर जाड टायटॅनियमची प्लेट शेवटच्या थराआधी निवली का ते बघायला तिनं हातमोजा काढून चक्क बोटं टेकवली होती, घरी तव्याला टेकवते तशी! तापमापक शेजारीच पडला होता.

या टायटॅनियमचे नखरे विचारू नका. वेल्डिंग करताना त्याला वारा चालत नाही, धूळ चालत नाही, माणसाच्या बोटाचा तेलकटपणा तर मुळीच नाही. जोड रुपेरी उतरला तर जिंकलं, निळा पडला तर अख्खा जोड कापून टाका. त्यात ही वहिनीची पहिलीच जाड प्लेट. बिघडली असती तर ती परत पातळ पाइपांवर, जन्मभर.

बोटांचा ओला ठसा वाळून गेला होता. कुणाला कळणार होतं? सगळ्यांनी वहिनीच्याच हाताला नावं ठेवली असती. आणि सांगावं, तर दारात साहेब उभे. उघड्या हाताला या शेडमध्ये माफी नव्हती, थेट घरचा रस्ता. त्यातून दोघींत सकाळपासून अबोला.

"वहिनी, थांब!" तिच्या तोंडून निघूनच गेलं. मग ती कानाशी पुटपुटली, "माझी बोटं लागलीत गं. उघडी."

वहिनीनं काच वर केली. आता आपला उद्धार होणार, नणंदेला वाटलं. वहिनीनं नुसता हात पुढे केला. "फडकं दे. ॲसिटोन आण. रडायचं ते नंतर रड."

सगळं पुसून झालं. पुन्हा प्रकाश पेटला, शेवटचा थर संथपणे सरकत टोकाला पोचला. प्रकाश विझला तरी वहिनीनं टॉर्च हलवला नाही; धातू निवेपर्यंत त्याच्यावर टॉर्चमधल्या गॅसचं पांघरूण लागतं. मग टॉर्च बाजूला झाला.

जोड रुपेरी! या टोकापासून त्या टोकापर्यंत लख्ख. "गं बाई!" म्हणत ती मटकन स्टुलावर बसली. सुटलो एकदाच्या.

साहेबांनी वाकून बघितलं, मान डोलावली. "झकास! पण मध्येच थांबलात का?"

नणंद घाईघाईनं फडक्याची घडी घालू लागली.

"हिनं थांबवलं," वहिनी टॉर्च अडकवत म्हणाली. "माझी नणंद आहे, साहेब. चूक काढल्याशिवाय राहते होय?"