दक्षिणेकडे तोंड

“हा छोटा पॅनल स्वस्तात बसेल, काका. पण तो तिरका करून त्याचं तोंड दक्षिणेकडे करावं लागेल,” दुकानदार तिसऱ्यांदा सांगत होता.

“दक्षिणेकडे नको,” आमचे हे तिसऱ्यांदा म्हणाले. “मोठा दाखवा. आडवा टाकू गाडीच्या छपरावर.”

मी स्टुलावर टेकले. पेन्शनीत बसणारा सोलर शोधत फिरताना सांगलीतलं हे चौथं दुकान. घराला कुलूप घालायचं आणि जीपमागे जोडलेल्या चाकांवरच्या खोलीत गावोगाव हिंडायचं, हा हट्टही यांचाच. मुलगा गेल्यापासून घरात यांना चैन पडत नाही. तेव्हा एक वास्तुवाला म्हणाला होता, “दार दक्षिणेला, यमाच्या दिशेला. मग दुसरं काय होणार?” यांनी दुसऱ्याच दिवशी गवंडी आणून ते दार विटांनी बुजवलं. आम्ही मागच्या दाराने ये-जा करतो, आणि पुढच्या खोलीत भरदिवसा दिवा लावावा लागतो. यांना अडवायचं त्राण माझ्यात तरी कुठे होतं?

“काका, आपल्याकडे सूर्य वर्षातले बहुतेक महिने दक्षिणेकडेच कललेला असतो,” दुकानदार आता कंटाळला होता. “तिकडे पाठ केलीत तर उजेड येणार कुठून?”

हे बराच वेळ पॅनलच्या काचेवरून हात फिरवत राहिले.

“छोटाच द्या,” शेवटी म्हणाले. मग माझ्याकडे न बघताच विचारलं, “अगं, त्या गवंड्याचा नंबर आहे का गं तुझ्याकडे?”