एजाजच्या जागी योगेश

"एजाज, बाहेर ये!" हुसेनभाई ओरडले, आणि मैदानावरच्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या.

एक-एक अशी बरोबरी होती. हंगामातला शेवटचा सामना, तोही संपत आलेला. जिंकलं तर शेजार स्पोर्टिंग क्लब वरच्या डिव्हिजनमध्ये जाणार होता, नाहीतर होता तिथेच राहणार होता. अशा वेळी प्रशिक्षकाने गोल मारणारा एकुलता एक गडी बाहेर काढावा, हे कोणाच्याच पचनी पडेना. आणि त्याच्या जागी आत कोण, तर योगेश! योगेश बचावफळीतला. उंच, आडदांड, स्वभावाने देवमाणूस. पण समोरच्या गोलकडे त्याने कधी चेंडू मारल्याचं त्याच्या आईलाही आठवलं नसतं.

एजाज हडपसरच्या कारखान्यात शिफ्ट करून बाईक हाणत सरावाला यायचा. त्याने जर्सी काढली आणि हुसेनभाईंच्या पायाशी भिरकावली.

"चाचा, डोकं ठिकाणावर आहे ना?"

हुसेनभाईंनी जर्सी उचलून झटकली. छातीवर 'शेजार' लिहिलं होतं. क्लबच्या पहिल्या जर्सीवर हे नाव त्यांच्या अब्बांनी हाताने शिवलं होतं. एका गल्लीतल्या शेजाऱ्यांनी काढलेला क्लब, म्हणून हे नाव. त्यांनी जर्सीची घडी घातली आणि ती काखेत धरली.

मागे घडीच्या खुर्चीवर क्लबचे सेक्रेटरी माधवराव बसले होते. नारायण पेठेतले निवृत्त मास्तर. "पाय मुरगळला का त्याचा?" त्यांनी विचारलं.

"दमलाय, सर."

"असं," माधवराव म्हणाले आणि पुन्हा काठीवर हनुवटी टेकून खेळ बघू लागले.

एजाज दमलेला नव्हता. हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि का काढला हेही त्या दोघांनाच ठाऊक होतं.

गेल्या वर्षी क्लबला टाळं लागायची वेळ आली होती. मैदानाचं भाडं थकलेलं, पोरं फाटक्या बुटांनी खेळत होती. तेव्हा विश्वजीत नावाचे बिल्डर देवासारखे धावून आले. हंगामाचा सगळा खर्च त्यांचा. अट एकच. "क्लब वर गेला, तर माझा. नाही गेला, तर तुमचा तुम्हाला."

माधवरावांनी पेनाचं टोपण काढता काढता म्हटलं होतं, "वर गेल्यावर आम्हाला तरी त्याचा काय उपयोग? खुशाल घेऊन जा."

हुसेनभाई पोट धरून हसले होते. वर्षानुवर्षं तळाला बसलेला क्लब! दोघांनी हसत हसत सह्या ठोकल्या. हसले नव्हते ते फक्त विश्वजीत.

मग बूट आले. सरावाला मैदान मिळालं, सामन्याआधी अंडी-केळी मिळायला लागली. आणि पोटभर जेवलेली ती पोरं जिंकायलाच लागली. हुसेनभाई स्वारगेटजवळचं आपलं गाद्यांचं दुकान पोराच्या भरवशावर टाकून दर सामन्याला नाचले. अट त्यांच्या ध्यानातच राहिली नव्हती.

ती आज मध्यंतरात आठवली. विश्वजीत शेजारी येऊन उभे राहिले आणि त्यांनी मोबाइलवर क्लबचं नवं बोधचिन्ह दाखवलं. त्यावर त्यांच्या गृहप्रकल्पाचं नाव होतं.

"आणि आमची पोरं?" हुसेनभाईंनी विचारलं.

"टीम बाहेरून आणतोय ना आपण. ह्यांना एकेक टी-शर्ट देऊ की."

त्यानंतर एजाजचा एक फटका खांबाला लागून परतला. हुसेनभाईंच्या तोंडून सुटकेचा श्वास निघाला आणि त्यांची त्यांनाच शिसारी आली. उभ्या आयुष्यात त्यांनी आपल्याच माणसाचा गोल चुकावा म्हणून दुआ मागितली नव्हती. पण नाव राहायला हवं होतं. क्लब खाली असला तरी असेल, एवढंच त्यांच्या मनात होतं. मग त्यांनी एजाजला हाक मारली.

आता शेवटची कॉर्नर किक होती. सगळे पुढे गेले म्हणून योगेशही गेला. त्याला कोणी धरलंच नाही, धरण्यासारखा तो नव्हताच. चेंडू गर्दीत आला, कोणाच्या तरी डोक्यावरून सटकला आणि योगेशच्या खांद्यावर आदळून जाळीत गेला. काय झालं ते योगेशला सगळ्यांत शेवटी कळलं.

शिट्टी वाजली. "वर गेलो! वर गेलो!" पोरं बोंबलत धावत सुटली. हुसेनभाई जागच्या जागी उभे होते. एजाज उघड्या अंगाने पळत आला आणि त्यांच्या गळ्यात पडला. तो हमसून हमसून रडत होता.

"माफ करा, चाचा. मी काय काय बोललो तुम्हाला! मला कळलंच नाही. तुम्हाला मात्र आधीच कळलं होतं."

हुसेनभाई त्याची पाठ थोपटू लागले. तोवर एजाज आणि योगेशने त्यांना उचलून खांद्यावर घेतलं. "हुसेनभाईंनी क्लब वर नेला!" सगळे ओरडत होते. तिथून, उंचावरून, त्यांना विश्वजीत दिसले. ते फोनवर कोणाला तरी हसत हसत नव्या पाटीसाठी क्लबचा पत्ता सांगत होते. काखेतली जर्सी हुसेनभाईंनी घट्ट धरली.

वरात माधवरावांच्या खुर्चीपाशी येऊन थांबली. माधवराव काठी टेकत उठले. त्यांचे डोळे ओले होते, आवाज मात्र नेहमीसारखाच कोरडा होता.

"काय हो हुसेनभाई, क्लब वर गेला ना?"

"गेला, सर."

"मग उतरा आता पोरांच्या खांद्यावरून," माधवराव म्हणाले. "खांदा आपल्याला द्यायचाय."