मुनवे

वेसे या कंदपिकाची लागवड हे खरं पुरुषाचं काम. पण हामेसो सकाळपासून गुत्त्यावर होता, म्हणून त्याच्या आईनेच, दुकालेने, कोयता उचलला. केळीसारखं ते झाड तिने बुंध्यापासून आडवं केलं, कंदाचा गाभा कोरून काढला आणि सुनेला म्हणाली, “बघून ठेव, लालिमे. असा घाव घातल्याशिवाय कंदाला मुनवे, नवे कोंब, फुटत नाहीत. एकेका कंदाला साठ-सत्तर येतात. नाहीतर तू. पाच वर्षं झाली, एक नाही.”

लालिमे खाली वाकून कंदावर शेणमाती लोटत राहिली.

“घाव मलाही बसलेत, आत्याबाई,” ती म्हणाली. “दोनदा दिवस गेले होते. दोन्ही वेळा तुमच्या लेकाने पोटातच लाथ घातली.”