ठिणगं ट्रॅक्टरवर

“गडी हाय का बाई, तेवढं सांग. बाई असंल तर मिरवणुकीत ट्रॅक्टरवर चढायची न्हाई, मंडळाचा नियम हाय!” गणेश मंडळाचे अध्यक्ष रामलिंगअण्णा अडूनच बसले.

शिवशंकर भडकला. “दहादा सांगून राहिलो, अण्णा! ठिणगं परग्रहावरून आलंय. तिथं गडी न्हाई, बाई न्हाई. संकट दिसलं की उडी मारायची, बस्स!”

शाळा सोडल्यापासून हा हिरो त्याच्या डोक्यात घुमत होता. ठिबकच्या नळ्यांचे चार जादा हात, नखशिखांत हिरवा पोशाख, काळ्या काचेचं हेल्मेट. आत कोण, काय कळायची सोय नव्हती.

“बरं, चढव,” अण्णा वैतागून म्हणाले.

हलगी कडाडली. ठिणग्यानं ट्रॅक्टरच्या टपावरून ट्रॉलीत अशी कोलांटी मारली की कंधारचा अख्खा चौक शिट्ट्या मारायला लागला. अण्णाच सगळ्यांत पुढं नाचत होते. “लई जबऱ्या! पुढच्या साली बी ट्रॅक्टरवर हेच पायजे!”

“शब्द दिला का, अण्णा?”

“दिला!”

शिवशंकरनं गाडीला किक मारली. ठिणगं पटकन मागं बसलं.

“मग मला आता निघायला पायजे, अण्णा. ताईला घरी सोडायचंय.”