असा पत्ता नाही

चष्म्यांवर सवलत. गुडघेदुखीवर तेल. डोंगराकडे तोंड केलेले फ्लॅट.

इंटरनेटवर चुकीचा किंवा कुणाच्याच मालकीचा नसलेला पत्ता टाकला, तरी आता असं काहीतरी उघडायचंच. तुम्हाला हवं असेल तसं पान ‘मार्गदर्शक’ हा प्रोग्राम क्षणात रचून द्यायचा. फक्त आरवलघाट गावाला इंटरनेट पुरवणाऱ्या केंद्रात अभियंता शर्वाणी धुरीने तो बंद ठेवला होता. त्या गावात कोऱ्या पानावर एकच ओळ यायची: असा पत्ता नाही.

गावच्या दवाखान्यात वसंत गावकरची बायको बाळंत झाली आणि रक्तस्राव थांबेना. वसंतने अंदाजाने तालुक्याच्या रक्तपेढीचा पत्ता टाकला. दुसऱ्या गावात हसऱ्या नर्सचं चित्र आलं असतं, खाली ‘रक्त निघालंय, थांबा’ असं लिहिलेलं. तो थांबला असता. इथे कोरं पान आलं.

“डॉक्टर, रक्तपेढी नायच!”

“मग फोनात काय बघतंस? देवळात धाव! दशावतारवाले रंगतायत!”

अर्ध्या तोंडाला रंग लावलेली मंडळी टेम्पोतून आली. संकासुर झालेल्या नटाचं रक्त जुळलं.

“सुईक भितंस, आणि म्हणे राक्षस!” नर्स म्हणाली.

बायको वाचली. बाराव्या दिवशी सकाळी वसंत लेकीला घेऊन केंद्रात गेला. “बाई, हिचं नाव शर्वाणी ठेवतंय.”

“आधी बायकोला विचारा,” शर्वाणी धुरी म्हणाली, आणि पुन्हा कामाला लागली.

मार्गदर्शक सुरू करा, शर्वाणीला हटवा, अशी पहिली घोषणा शिमग्यात याच दारासमोर वसंतने दिली होती.